पेन्सिलीचे तीन ठोके

पंचांची पेन्सिल टेबलावर तीनदा वाजली की जगात काही बदलता येत नसे. आमच्या खेळातलं जग म्हणतोय मी. फासे, कागदी नकाशा आणि मनातले राक्षस यांचं. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, लढाईत पाळीपाळीने वार करायचे आणि निकाल पंचांनी द्यायचा. निकालाआधी ते विचारत, "कुणाला मधे पडायचंय?" मग टक, टक, टक. त्यानंतर देव आला तरी त्याला पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागे.

पंच म्हणजे साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लेथ चालवणारे, पन्नाशी उलटलेले, सडेफटिंग मालवणी गृहस्थ. नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांना रद्दीत सापडलं होतं. ते त्यांनी मशीनच्या मॅन्युअलसारखं वाचलं, समासात मराठीत शेरे मारले आणि दर रविवारी दुपारी दहिसरच्या भाड्याच्या खोलीत आम्हा तिघांना जमवू लागले.

दुसऱ्याच्या पाळीत मधे पडायची संधी फेरीत एकदाच. त्यासाठी त्यांनी प्रत्येकाला कॅरमची एक काळी सोंगटी दिली होती. मधे पडलात की सोंगटी त्यांच्याकडे जमा. तुमची पाळी आली की ते ती बोटाने सरकवून परत देत. "राखून ठेव रे," हे ते फक्त मला सांगत. कारण माझी सोंगटी माझ्याकडे कधी टिकलीच नाही.

एकदा भुयारात माझ्या योद्ध्याच्या पायाजवळून उंदीर पळाला. पळणाऱ्यावर मधेच एक वार करता येतो, या नियमावर माझं भारी प्रेम. मी सोंगटी फेकली. उंदीर मेला. मी कॉलर ताठ करतोय तोच राक्षसाने आमच्या म्हाताऱ्या वैदूवर गदा उचलली. वैदू हे पंचांचं स्वतःचं, लाडकं पात्र; आमच्या जखमा बांधायला कुणी नव्हतं म्हणून ते चालवत. मी ओरडलो, ढाल मधे घालतो. त्यांनी शांतपणे विचारलं, "सोंगटी खंय?"

मी अर्धा तास वकिली केली. उंदीर लहान होता, तेव्हा अर्धीच सोंगटी धरा, इथवर आलो. बाकीचे दोघे हसून लोळले. पंचांनी समासातला शेरा वाचून दाखवला आणि मेलेल्या वैदूचा कागद घडी करून पुस्तकात ठेवला. स्वतःच्या माणसासाठीसुद्धा त्यांनी नियम वाकवला नाही.

पुढे दोघांतला एक पुण्याला गेला, दुसऱ्याला जुळी झाली. उरलो पंच आणि मी. दोघांत लढाई काय डोंबल रंगणार? तरी मी बोरिवलीहून जायचो. घरी कोण होतं? दोन खोल्या, एकीत मी, दुसरीत इस्त्रीचं टेबल.

असाच एक रविवार. माझ्यासमोर जखमी राक्षस, पळायच्या बेतात. नकाशावरची नजर न काढता पंच म्हणाले की मालकाने खोली सोडायला सांगितलीय, बहीण गावी बोलावतेय. मन होत नाही, पण इथे राहायचं कुठे. "तुका काय वाटता?"

"वाटायचंय काय, गावी मासे ताजे," मी म्हणालो. "तुम्ही राक्षस हलवा ना."

त्यांनी राक्षस मागे सरकवला. मग पेन्सिल वाजली. टक. टक. तिसरा ठोका बराच उशिरा आला. त्याच्या आत मी सोंगटी टाकली आणि पळणाऱ्या राक्षसाला लोळवलं.

"बरां," म्हणत त्यांनी पुस्तक मिटलं.

इस्त्रीचं टेबल मला आठवलं ते बुधवारी, शर्टाची कॉलर इस्त्री करताना. ते टेबल भिंतीला लावलं तर तिथे एक माणूस आरामात राहील. पण असलं फोनवर कसं बोलायचं, रविवारी जाणारच आहे, म्हणून थांबलो. हुशारच मी.

रविवारी गेलो तर खोलीत नुसती गाठोडी. माझ्याकडे चला, म्हटलं, अख्खी खोली रिकामी आहे. ते दोरीची गाठ आवळत राहिले. बहिणीला कळवून झालं होतं. तिने पडवीतली खोली लिंपून घेतली होती.

"आदी बोलूक होया होता, मेल्या," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, निकाल होता. मग खिशातून माझी सोंगटी काढून त्यांनी गाठोड्यावरून बोटाने माझ्याकडे सरकवली. वर पुस्तकही दिलं, वैदूच्या कागदासकट.

आता रविवारी दुपारी मी इस्त्रीच्या टेबलावर नकाशा पसरतो. योद्धाही मीच, राक्षसही मीच. सोंगटी मात्र इतके महिने टिकलीय, पंचांना खरं वाटणार नाही. ती टाकायची तर समोर दुसऱ्या कुणाची तरी पाळी चालू असावी लागते.