ताऱ्याचा चक्का जाम

शिरपूरहून धुळ्याच्या कॉलेजात एम.एस्सी.ला गेलेल्या माझ्या ताईने प्रकल्पाला न्यूट्रॉन तारा घेतला, तेव्हा विभागप्रमुखांनी विचारलं, याचा खान्देशला उपयोग काय? भिंतभर लावलेल्या त्यांच्या सत्काराच्या फोटोंचा खान्देशला काय उपयोग, हे मात्र कोणी विचारत नव्हतं. पुढच्या संशोधनाच्या अर्जाला त्यांचंच शिफारसपत्र लागत होतं, आणि ते त्यांनी अडवून ठेवलं होतं.

मी त्याच कॉलेजात विद्यार्थी संघटनेत होतो. अन्याय दिसला की आम्ही पत्रक काढायचो. दुसरं काही येतही नव्हतं. ताईने जेवताना मला विषय समजावला होता. ताऱ्याच्या कवचात अणुकेंद्रकांची जाळी असते. तिच्यातून घर्षणाशिवाय वाहणारा द्रव असंख्य बारीक भोवऱ्यांनी फिरतो. हे भोवरे जाळीत अडकतात. कवच मंदावत जातं, आतला द्रव मात्र जुन्याच वेगात राहतो. ताण वाढत जातो आणि एके दिवशी भोवरे एकदम सुटतात.

एवढं ऐकून मी उठलो. पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. प्रमुखांविरुद्धच्या पत्रकाचा मथळा ठरला होता: 'अडकलेले भोवरे एकदम सुटले की ताराही थांबतो!' आमच्याकडे सगळे एकदम उठले की चक्का जाम होतो. ताऱ्याचं वेगळं कशाला असेल?

पत्रकं वाटायला लागलो, तेव्हा गेटवरच्या शिपाई नानांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हाई काय शे, भाऊ? पानीना प्रश्न शे का?"

प्रमुखांनी ताईला बोलावून घेतलं. पत्रकाबद्दल लेखी खुलासा दे, नाहीतर शिफारस विसर, असं बजावलं. मी म्हटलं, काही लिहू नकोस, आपण उपोषणाला बसू. ताईने कोरा कागद पुढे ओढला.

"भोवरे सुटले की द्रवाचा वेग कवचाला मिळतो. तारा थांबत नाही रे, उलट जोरात फिरायला लागतो. एवढं विचारलं असतंस तर?"

तिने खुलाशात पहिली ओळ लिहिली, पत्रकातलं विधान चुकीचं आहे. खाली दोन पानं बरोबर मांडणी, समीकरणांसकट. प्रमुखांनी ती एक ओळ वाचली, माफीनामा समजून खूश झाले आणि शिफारसपत्रावर सही ठोकली. बाकीची पानं उलटलीही नाहीत. उलटली असती तरी कळलं काय असतं?

मी चिडून म्हणालो, "माफी मागितलीस शेवटी."

"माफी कुठंय? चूक दुरुस्त केली. तुझी."

अर्ज त्याच दुपारी गेला. संघटनेच्या बैठकीत पत्रकाच्या दणक्याने शिफारस मिळाल्याचा अभिनंदन ठराव झाला. मथळा चुकलाय, हे तिथं एकालाही कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.