घरी ऐकते, शाळेत नाही

आमच्या यंत्रमागाच्या खात्यात ठकीच्या आईला सगळे भोंगा म्हणायचे, आणि म्हणणाऱ्यांचे आवाजही काही कमी नव्हते. दिवसभर त्या खडखडाटात उभं राहिलं की हळू बोलायची सवयच मोडते. भोंग्याचा नवराही मागावरच. त्यांच्या घरात कुणी साधं मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटावं, भांडण जुंपलंय.

सात वर्षांची ठकी त्यांची एकुलती एक. घरी गुणी पोर, शाळेत मात्र तिने उच्छाद मांडला होता. बाई शिकवत असताना उठून जायची, मधल्या सुट्टीत पोरींना ढकलायची. एकीला तर कडकडून चावली. मुख्याध्यापकांनी निक्षून सांगितलं, "डॉक्टरांना दाखवा. सत्र संपेपर्यंत फरक पडला नाही, तर दुसरी शाळा बघा."

पहिले डॉक्टर म्हणाले, लाडाने बिघडलीय. भोंग्याने घरी येऊन ठकीला एक ठेवून दिली. दुसऱ्यांनी तिला अतिचंचल ठरवून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी पोर जेवताजेवता पेंगायला लागली आणि शाळेतलं ढकलणं काही थांबलं नाही.

नवरा भडकला. "शाळाच खोटं बोलते! आपल्याकडे कशी एका हाकेत येते!"

ती हाक केवढी असायची, हे त्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. आमच्याही आलं नाही. आम्हीही त्याच खात्यातले.

तिसऱ्या डॉक्टरीणबाई हळू आवाजाच्या. त्यांनी ठकीलाच विचारलं, तर ती नुसती बघत राहिली. शेवटी भोंगा ओरडली, "अगं, बाई विचारतायत, पोरींना का मारतेस?"

"त्या बोलायचं नाटक करतात," ठकी म्हणाली. "नुसती तोंडं हलवतात. आणि मग मला हसतात."

डॉक्टरीणबाई उठून तिच्या मागे गेल्या आणि त्यांनी तिला हाक मारली. ठकी टेबलावरचे ठोकळे रचत राहिली. मग रीतसर तपासणी झाली. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं.

"तुम्हाला कधी शंका नाही आली?"

"कशी येणार? घरी सगळं ऐकते की!" भोंगा इतक्या मोठ्याने म्हणाली की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली. त्यांच्याकडे बघताबघता तिचं तिलाच उमगलं, आणि तिचा चेहरा पडला.

गोळ्या बंद झाल्या. शाळेने ठकीला ठेवून घेतलं, पहिल्या बाकावर बसवायचंही कबूल केलं.

कानाची यंत्रं लावून ती घरी आली, त्या संध्याकाळी भोंग्याने रोजच्यासारखी जेवायला हाक मारली. ठकी केवढी तरी दचकली. भिंतीला चिकटून उभी राहिली आणि रडायलाच लागली.

"आई, मी काय केलं?"

भोंगा तिच्यासमोर खाली बसली. दोनदा बोलायला गेली, दोन्ही वेळा आवाज चढला. तिसऱ्यांदा कसाबसा खाली आला.

"काही नाही गं. तू कधीच काही केलं नव्हतंस."