चुकीच्या क्वार्टरमधला चहा

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला दुसरं काही सुचणार नाही! आमच्या वर एक काकू राहायच्या, इंदूरच्या. कोणी तोंड पाडून बसलं की जिन्यातूनच ओरडायच्या, "चिंतेला बसू दे घरी, तू चल!" आणि हाताला धरून न्यायच्याच.

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये काही लपत नाही. आईच्या छातीतल्या गाठीची तपासणी झालीय, रिपोर्ट यायचाय, हे काकूंना कळलंच. आई दिवसभर तेच तेच घोकत होती. बाबांनी समजावलं, मी समजावलं, उलट वाढतच गेलं.

काकूंनी समजावलं वगैरे काही नाही. "ऊठ गं, जवाहर चौकात जाऊ, मला ब्लाउजपीस घ्यायचाय." मलाही ओढलं.

परतताना नणंदेची नक्कल करत काकू अशा रंगात आल्या की थेट दुसऱ्याच ब्लॉकमध्ये शिरल्या! सगळे ब्लॉक सारखेच ना, तोच जिना, तेच हिरवं दार. दार उघडं होतं. आम्ही दोघी दारात पोचेपर्यंत काकूंनी गॅसवर पाणी चढवलेलंसुद्धा. बाथरूममध्ये काकाच आहेत समजून ओरडल्या, "अहो, साखरेचा डबा कुठे हलवलात?"

बाथरूममधून टॉवेल गुंडाळलेले अनोळखी अंकल बाहेर. "आप कौन?"

काकू जाम भडकल्या. "मैं कौन? मेरे घर में नहा रहे हो और मुझसे पूछ रहे हो?"

मग भिंतीवरच्या फोटोकडे लक्ष गेलं. भलत्याच कुटुंबाचा!

"हाय राम! भैया, चाय चढ़ा दी है, शक्कर आप डाल लेना." आणि धूम!

आई जिन्यातच बसली. हसून हसून डोळ्यांत पाणी. घरी येऊन म्हणाली, "भूक लागली गं." पोटभर जेवली, गाढ झोपली. रिपोर्ट आला नव्हता, गाठ तिथेच होती, पण ते घोकणं थांबलं. उठल्यावर म्हणाली, "जे असेल ते बघू."

रिपोर्ट आला. साधी गाठ! आई धावत वर गेली. ऐकून काकू हसल्या नाहीत, ओट्याला धरून ढसाढसा रडल्या. "मला काय कमी भीती वाटत होती का गं?"

काका रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं. आज सकाळी त्यांचा ट्रक गेला. मला वाटलं, आता आई तोंड पाडून बसणार; पण मघाशी ती त्यांचं रिकामं घर झाडून आली, चक्क गुणगुणत.

तुमचं झालंय का असं कधी? काहीच सुटलेलं नसताना, नुसतं पोट धरून हसल्यावर एकदम मोकळं वाटलंय? सांगा ना!