वर्णाचा शून्य गुण

केळझरच्या गणपतीचे दर्शन घेऊन मी परतलो की शेजारच्या एक बाई लग्नाच्या लेकीसह पत्रिका जुळवून घ्यायला माझ्याकडे येतात. त्यांचे बोलणे नेहमी "तसं काई नाई, आबाजी, पण" असे सुरू होते, आणि जे काही असते ते त्या 'पण'नंतर येते. ओसरीवर बसतानाही त्या लेकीला उन्हातून सावलीत ओढतात.

परवा एका नव्या स्थळाचे गुणमेलन मी मोठ्याने वाचत होतो. "वर्ण, शून्य," असे म्हणताच बाई चपापल्या.

"पत्रिकेतबी दिसते का हो तिचा रंग? मागच्या पाहुण्यायनं तर तोंडावर सांगतलं, पोरगी काळी हाये म्हणून."

मी समजावले, "हा वर्ण कातडीचा नव्हे, राशीचा. तुमच्या मुलीचा वर्ण मुलाच्या वर्णाहून वरचा आहे, म्हणून येथे गुण मिळत नाही."

"म्हणजे माही पोरगी वरची?" बाई खळखळून हसल्या. "ऐकलं का वं? मंग रंगाचे गुण कुठं धरतात, आबाजी?"

"शास्त्रात रंगाला गुणच नाहीत."

"पण पोराकडचे पहिले फोटोच मागून राह्यले," लेक प्रथमच बोलली.

बाईंचे हसू ओसरले. पत्रिकेची घडी घालत त्यांनी हळूच विचारले, "उजळ व्हायसाठी एखादा मंत्र असन ना, आबाजी?"

नाही म्हणण्यापूर्वी मी लेकीकडे पाहिले. आईच्या भाबडेपणावर ती चिडेल, असे मला वाटले होते. ती तर श्वास रोखून माझ्या उत्तराची वाट पाहत होती.