एकटीचं बिऱ्हाड: सटाण्याहून नाशकात जागा शोधताना

नाशकात मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून नेमणूक झाल्याचं पत्र आलं, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा तो काळ. आई म्हणाली, "ऱ्हावाले जागा नही भेटनी, तर नोकरीबी नही." कांद्याची खुरपणी अर्धी टाकून दुसऱ्याच दिवशी वडील, म्हणजे आमचे आप्पा, माझ्यासोबत मोटारीत बसले.

रस्ता खडीचा. देवळ्यापुढच्या घाटात इंजिनाला पाणी पाजायला मोटार थांबली, तिथेच भाकरी-ठेच्याची पुरचुंडी सोडली. दुपार कलताना पंचवटीतल्या धर्मशाळेत पोचलो तेव्हा आप्पांचा पांढरा फेटा धुळीने तांबडा झाला होता.

सकाळी शोध सुरू झाला. नाशकात जागा खणांवर सांगत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. तेवढं आम्हाला कळत होतं. पण आप्पांनी "वर धाबं शे का?" विचारलं की लोक हसत. आमच्याकडे घरावर मातीचं सपाट धाबं. मिरच्या तिथेच वाळायच्या. इथे सगळीकडे उतरती कौलं.

पहिल्या घरमालकांनी विचारलं, "बिऱ्हाड केवढं आहे?"

आप्पा तडकले. आमच्या गावात गाढवावर संसार लादून फिरणाऱ्यांचं तेवढं बिऱ्हाड. "आम्ही काय गावोगाव हिंडनारा शेत का?"

मी घाईने सांगितलं, "आप्पा, घरात माणसं किती, असं विचारताहेत ते." आणि मालकांना म्हटलं, "मी एकटीच राहणार आहे."

"मग नाही जमायचं. आम्हाला संसारी बिऱ्हाडकरू हवेत, एकटी मुलगी नको."

दुपारपर्यंत आणखी दोन दारं अशीच मिटली. माझे पाय धर्मशाळेकडे वळले. "परत जाऊ," मी म्हटलं. आप्पांनी नाही म्हणून मान हलवली आणि पुढच्या गल्लीत शिरले.

तिथे राधाबाई नावाच्या सुईण ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मागची दोन खणांची खोली रिकामी होती. मी आधीच सांगून टाकलं, "बाई, मी एकटीच आहे."

"मीपण एकटीच आहे. अपरात्री बोलावणं आलं की कंदील घेऊन निघते. मला कोण हात लावतंय?" त्या म्हणाल्या. "दार आतून लावता येतं ना, बघून घे."

आप्पांनी कडी तीनदा लावून काढून पाहिली. मग काही न सांगता बाहेर गेले आणि मातीची चूल डोक्यावर घेऊन आले. आयुष्यात चुलीपुढे न बसलेल्या त्या माणसाने फुंकून फुंकून जाळ केला आणि डोळे पुसत म्हणाले, "आते हाई तुनं घर."

आज तुम्ही जागा शोधायला निघाल तेव्हा कानावर पडणारे शब्द वेगळे असतील. घरमालकाने एखादा अनोळखी शब्द वापरला, तर रागावण्याआधी अर्थ विचारा. आणि आतली कडी स्वतः लावून पाहा.

सामान न्यायला आम्ही सटाण्याला परतलो. माझ्या ट्रंकेत आईने लुगड्यात गुंडाळून स्वतःचा तवा ठेवला. त्या दिवशी आमच्या भाकरी शेजारणीच्या तव्यावर झाल्या.