परसातल्या तुऱ्यांना कागदी टोप्या

आमच्या आत्याला घरात सगळे ‘फौजदार’ म्हणतात, तेही तोंडावर. कारण पाठीमागे बोललेलंही तिला ऐकू येतंच. संकरित मक्याच्या बियाण्याचं शेत ती सांभाळते. तिथे दोन वाणांच्या ओळी असतात. दोन्ही वाण पिढ्यानपिढ्या आपल्याच परागावर वाढवलेले, म्हणून बुटके आणि किरकिरे. पण दोघांची गाठ पडली की पोर ताडमाड निघतं. त्यासाठी एका वाणाच्या ओळी मादी धरून त्यांचे नरफुलांचे तुरे पराग सांडायच्या आत उपटावे लागतात. एकदा बियाणे कंपनीचे साहेब म्हणाले, “चार राहिले तर काय बिघडतं?” आत्या म्हणाली, “मग बियाणं तुमच्या नावानं विका.” साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि तेही उपटायला लागले.

अशा बाईच्या कुंपणाला लागून तिच्या सख्ख्या भावानं, म्हणजे आमच्या बाबांनी, निवृत्तीनंतर परसात मका लावला. बी गेल्या वर्षीच्या संकरित कणसांतलं, निवडून जपलेलं. आत्यानं बजावलं होतं, “दादा, हा जोम एका पिढीचा. पुढे फाटाफूट होते.” झालीच. एक झाड कौलाला टेकलेलं, शेजारचं गुडघ्याएवढं. जणू शाळेचा ग्रुप फोटो. तुरे मात्र झाडून सगळ्यांना येऊ घातले, आणि वारा आत्याच्या शेताकडे.

आत्या मागच्या दारानं आली.

“दादा, तुरे उपट. तुझा पराग आला तर माझं अख्खं शेत बाद होईल.”

“माझं परस, माझा मका.”

“वाराही तुझाच का?”

“उपटले तर दाणे कसे भरतील? पोटच्या पोरासारखा वाढवलाय!”

पोटचा पोर म्हणजे मी. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

बाबा खुर्ची घेऊन मक्यात जाऊन बसले. आत्याही आत घुसली. आता बाबाही उपटले जाणार, असं मला वाटलं. पण तिनं पिशवीतून कागदी टोप्या काढल्या आणि एकेका तुऱ्यावर चढवून घट्ट बांधल्या. उंच झाडासाठी बाबांना उठवून त्यांच्याच खुर्चीवर चढली.

“कणसाला केस फुटले की मी येईन. टोपीसकट तुरा कापायचा, कणसावर उलटा घालून झटकायचा, म्हणजे टोपीतला पराग केसांवर पडून दाणे भरतील. एक जरी तुरा उघडा दिसला, तरी सगळे उपटीन.”

आत्याचं शेत तपासणीत पास झालं. बाबांची कणसं मात्र बोळकी निघाली. त्यातल्या त्यात भरलेलं कणीस त्यांनी आत्याला दिसेल असं खिडकीत टांगलं.

“पुढच्या वर्षीही लावणार!”

“लाव की,” कुंपणापलीकडून आवाज आला. “टोप्या ढीगभर आहेत माझ्याकडे.”