हलकी बंदूक

शिवणयंत्रात तेल घातलं, की त्या वासानं नाशिकमधलं बंदुकीचं दुकान आठवतं. नव्वदच्या दशकात द्राक्षबागेत कोल्हे फार घुसायचे, म्हणून ह्यांनी राखणीसाठी परवाना काढला होता. दुकानदारानं दणकट बंदूक पुढे केली, तर ह्यांनी ती माझ्याच खांद्याला अडकवली. "चालून दाखव बरं." दुकानदार बघतच राहिला. "बंदूक ही वागवणार हाय," हे म्हणाले, "कोल्ह्याला साद घालायला मला दोन्ही हात तोंडाशी लागतात." मग हलकीच घेतली. पुढं कितीतरी संध्याकाळी आम्ही बांधावरून फिरलो; हे कोल्हेकुई करायचे, ओढ्यापलीकडून उत्तर यायचं, आणि हे इतके खुश व्हायचे, की बंदूक मागायचंच विसरायचे. हे गेल्यावर ती पोलीस ठाण्यात जमा केली. कोल्हे अजून तिन्हीसांजेला साद घालतात, आणि मी रिकाम्या खांद्यानं बांधापर्यंत जाऊन येते.